बॅटरी संपली, असे कोण म्हणते?

लॅपटॉप रात्री पूर्ण चार्ज करून ठेवलेला असतो. सकाळी चार्जर काढून जेमतेम दहा मिनिटे होतात, तोच पडद्यावर इशारा झळकतो: बॅटरी संपत आली आहे, ताबडतोब चार्जर लावा. माणूस हातातले काम टाकून पिशवीत चार्जर शोधू लागतो. तो सापडेपर्यंत इशारा नाहीसा झालेला असतो आणि कोपऱ्यातला आकडा निवांतपणे ६१ टक्के दाखवत असतो. असे दोन-चार वेळा झाले की त्या इशाऱ्यावरचा विश्वास उडतो. मग एखाद्या दिवशी, ऑनलाइन परीक्षेचा शेवटचा अर्धा तास उरलेला असताना, 'लांडगा आला रे आला' म्हणणारी ती पाटी पुन्हा येते. आपण दुर्लक्ष करतो आणि पडदा खरोखरच काळा होतो.

लिनक्स वापरणाऱ्यांकडून ही तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. त्याला एक ताजे निमित्तही आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. ज्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, ते भंगारात काढण्याऐवजी अनेकांनी त्यांवर उबुंटू, मिंट किंवा फेडोरा अशी लिनक्सची एखादी आवृत्ती चढवली. निर्णय शहाणपणाचाच. पण लॅपटॉप सात-आठ वर्षांचा, म्हणजे बॅटरीही बहुधा तेवढीच जुनी. नवी प्रणाली घातली आणि बॅटरीच्या कुरबुरी दिसू लागल्या, की खापर साहजिकच लिनक्सच्या माथी फुटते. कधी कधी ते योग्यही असते. पण पुष्कळदा लिनक्स हा नुसता निरोप्या असतो. निरोप चुकला कसा हे पाहायचे, तर तो निघाला कुठून इथपासून सुरुवात करावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे बॅटरीचा टक्का कुणी मोजलेला नसतो. स्कूटरच्या टाकीत पेट्रोलवर तरंगणारा एक गोळा असतो, तो खाली गेला की काटा खाली जातो. बॅटरीत असे काही तरंगत नाही. लिथियमचे आयन एका बाजूच्या ग्राफाइटमधून दुसऱ्या बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमध्ये जातात, चार्ज करताना परत येतात. किती गेले आणि किती उरले हे आत डोकावून पाहण्याची सोय नाही. बाहेरून जे मोजता येते त्यावरून अंदाज बांधायचा, आणि तो अंदाज पडद्यावर टक्क्यांत लिहायचा. करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. तोही रक्तातला ऑक्सिजन थेट मोजत नाही, बोटातून आरपार गेलेल्या प्रकाशावरून ताडतो. म्हणूनच बोट गार असले किंवा नखाला रंग लावलेला असला की आकडा उगाच खाली येई आणि घरात धावपळ उडे. बॅटरीच्या टक्क्याचे नाते या आकड्याशी अधिक जवळचे आहे.

बाहेरून मोजता येण्याजोग्या गोष्टी मुख्यतः दोन. एक व्होल्टेज. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो आणि तीन व्होल्टच्या आसपास आला की तो रिकामा मानतात. लॅपटॉपमध्ये असे तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतील तर पूर्ण बॅटरी १२.६ व्होल्टची आणि रिकामी नऊची. शितावरून भाताची परीक्षा करावी, तशी व्होल्टेजवरून बॅटरीची करता येईल असे वाटते. अडचण अशी की मधल्या मोठ्या टप्प्यात हे व्होल्टेज फारसे हलतच नाही. सत्तर टक्के आणि चाळीस टक्के यांत फरक असतो तो अगदी थोडा.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे, कारण खोट्या इशाऱ्यांपैकी बरेच तिच्यातून जन्मतात. इमारतीत सकाळी सगळ्या घरांचे नळ एकदम सुरू झाले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते. गच्चीवरची टाकी रिकामी झालेली नसते; नळीतून एका वेळी जाऊ शकणाऱ्या पाण्याला मर्यादा असते इतकेच. नळी जुनी असेल, आत क्षार साचले असतील, तर धार आणखी बारीक. बॅटरीच्या आतही असा एक रोध असतो आणि वय वाढते तसा तो वाढतो. समजा, नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम आहे आणि जुनीचा ०.३ ओहम. व्हिडीओ सुरू झाला, पंखा घरघरू लागला आणि लॅपटॉपने तीन अँपिअर प्रवाह ओढला, तर नव्या बॅटरीचे व्होल्टेज ०.३ व्होल्टने उतरेल, जुनीचे ०.९ व्होल्टने. पूर्ण आणि रिकामी यांतले सारे अंतरच ३.६ व्होल्टचे. म्हणजे त्याचा चौथा हिस्सा एका क्षणात गेल्यासारखा दिसतो. व्हिडीओ बंद केला की व्होल्टेज पुन्हा वर येते आणि टक्काही. थंडीत हा रोध आणखी वाढतो. नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे जो लॅपटॉप कुरकुरतो, तोच दुपारी मुकाट चालतो, त्यामागे हेच कारण असू शकते.

या गडबडीवर उपाय म्हणून बॅटरीच्या आवरणातच एक चिप बसवलेली असते. तिला फ्युएल गेज, म्हणजे इंधनमापक, म्हणतात. ही चिप दुकानदारासारखी जमाखर्चाची वही ठेवते. बॅटरीतून येणारा-जाणारा सगळा प्रवाह एका अतिशय लहान रोधातून जातो. त्या रोधावरच्या सूक्ष्म व्होल्टेजवरून चिप क्षणोक्षणी किती प्रभार आत आला आणि किती बाहेर गेला याची नोंद करते. फ्रेंच शास्त्रज्ञ कूलाँब याच्या नावाच्या एककावरून या पद्धतीला कूलाँब-मोजणी म्हणतात.

वही उत्तम, पण तिच्यात बारीक चुका साचतात. प्रवाह मोजताना सतत अवघ्या पाच मिलिअँपिअरची चूक होत राहिली, तरी दिवसाला १२० मिलिअँपिअर-तासांचा घोळ होतो. चार हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत तो तीन टक्के झाला. शिवाय नुसती पडून राहिलेली बॅटरीही आतल्या आत थोडी उतरते. तो खर्च या वहीत येतच नाही, कारण तो रोधातून जात नाही. म्हणून चिपला अधूनमधून वही जुळवून घ्यावी लागते. बॅटरी पूर्ण भरली, किंवा अगदी तळाला गेली, किंवा बराच वेळ शांत पडून राहिली, की तिला एक खात्रीचा खांब सापडतो. तिथे ती आपली शिल्लक दुरुस्त करते. 'पूर्ण' म्हणजे आता नेमके किती, हेही ती अशा फेऱ्यांतूनच शिकते.

इथे एक गंमत आहे. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून ती ८० टक्क्यांच्या वर चार्ज होऊ देऊ नये, असा सल्ला हल्ली सगळे देतात. तो बरोबरच आहे. अनेक लॅपटॉपांत तशी मर्यादा घालता येते आणि लिनक्सही ती पाळते. पण वर्षभर बॅटरी साठ आणि ऐंशीच्या मध्येच झुलत राहिली, तर चिपला ना वरचा खांब दिसतो ना खालचा. बॅटरीची तब्येत छान राहते आणि तिचा हिशेब मात्र बिघडत जातो. मग कधी तरी प्रवासात ती खरोखर उतरवायची वेळ येते, आणि चाळीसवरून एकदम सहावर उडी मारलेली दिसते.

चिपचा हिशेब बरोबर असला तरी तो तुमच्यापर्यंत पोहोचायला बरेच हात बदलतो. चिपकडून तो लॅपटॉपच्या मदरबोर्डवरील एका लहान नियंत्रकाकडे जातो. तिथून बायोस किंवा फर्मवेअर तो एका ठरलेल्या भाषेत मांडते. ही भाषा म्हणजे इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६च्या डिसेंबरात जाहीर केलेले एसीपीआय हे मानक. लिनक्सचे कर्नल ती भाषा वाचते, 'यूपॉवर' नावाचा पडद्यामागचा कार्यक्रम त्यावरून निष्कर्ष काढतो, आणि अखेर ग्नोम किंवा केडीईसारखी डेस्कटॉपची रचना तुम्हाला लाल पाटी दाखवते. कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या मुलाने भलतेच वाक्य उच्चारले, तर चूक त्याचीच असे कुणी म्हणत नाही.

मधल्या हातांनी घातलेल्या गोंधळाची उदाहरणे कर्नलमध्येच नोंदवलेली आहेत. तिथे अशा यंत्रांना दिलेल्या सवलतीला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याला मराठीत 'खोड' हा नेमका प्रतिशब्द. थिंकपॅडच्या २०१० आणि २०११च्या काही मॉडेलांत, म्हणजे एक्स २०१, टी ४१०, टी ४१०एस आणि एक्स २२० यांत, बॅटरीची आकडेवारी देताना एककच बदलत असे. चार्जर लावलेला आहे की नाही, त्यानुसार कधी मिलिवॉट-तास, तर कधी मिलिअँपिअर-तास. दुसऱ्या प्रकारात बहुतेक आकडे चुकीचे असत आणि बॅटरीच्या मूळ व्होल्टेजने हिशेब करून ते सुधारावे लागत. किलो आणि शेर आलटून पालटून वापरणाऱ्या वाण्याकडून धान्य घेण्यासारखेच हे. आणखी काही बॅटऱ्या अशा, की पूर्ण भरल्यावर शिल्लक सांगताना त्या नवेपणीची क्षमता सांगतात आणि एकूण क्षमता सांगताना मात्र आजची, झिजलेली. भागाकार केला की उत्तर शंभरच्या वर जाते.

माझा आवडता मासला वेगळाच आहे. एसूसच्या यूएक्स ५५० मालिकेतील लॅपटॉपांत इलान कंपनीचा स्पर्शपडदा होता. या पडद्याला स्वतःची बॅटरी नाही. तरीही तो बॅटरीची पातळी कळवत राही, आणि ती कायम शून्य किंवा एक टक्का. वास्तविक असे रकाने पडद्यावर लिहायच्या पेनासाठी ठेवलेले असतात, कारण काही पेनांत बॅटरी असते. लिनक्सच्या दृष्टीने मात्र एक उपकरण मरणाच्या दारात उभे होते. अस्तित्वातच नसलेल्या बॅटरीचा इशारा! कर्नलमध्ये या पडद्याची बॅटरी दुर्लक्षित करा अशी एक ओळ घातल्यावर तो प्रश्न मिटला.

म्हणून इशारा आला की पहिला प्रश्न विचारायचा: नक्की कुणाची बॅटरी? लिनक्स लॅपटॉपसोबत बिनतारी माउस, कीबोर्ड आणि ब्लूटूथ हेडफोन यांच्याही बॅटऱ्यांवर लक्ष ठेवते. माउसमधला पेन्सिल सेल संपत आला तरी पाटी उमटते आणि घाईत आपण ती लॅपटॉपची समजतो. काही थिंकपॅडांत, उदाहरणार्थ टी ४४० एस किंवा टी ४८० मध्ये, दोन बॅटऱ्या असतात, एक आत बंदिस्त आणि एक मागे काढता-घालता येणारी. आधी एक उतरते, मग दुसरीची पाळी. यूपॉवर दोन्हींची बेरीज करून दाखवते. पण पट्टीवरचा एखादा हौशी कार्यक्रम किंवा मित्राने लिहून दिलेली छोटी स्क्रिप्ट एकाच बॅटरीकडे पाहत असेल, तर निम्मी वीज शिल्लक असतानाच तो बोंब ठोकणार.

दुसरा प्रश्न: इशारा टक्क्यांवर दिला जातो की वेळेवर? 'अजून किती मिनिटे चालेल' हा आकडा टक्क्यापेक्षाही कच्चा असतो. उरलेल्या ऊर्जेला त्या क्षणीच्या खर्चाने भागून तो काढतात. बॅटरीत १२ वॉट-तास उरले आहेत आणि लॅपटॉप आठ वॉट खातो आहे, तर दीड तास. पण झाकण उघडून लॅपटॉप जागा होतो तेव्हा पडदा, वायफाय, डिस्क सगळे एकदम कामाला लागतात. त्या अर्ध्या मिनिटात खर्च ४० वॉटवर गेला, तर त्याच भागाकाराचे उत्तर १८ मिनिटे येते. वीस मिनिटांखाली इशारा द्यायचा असे ठरलेले असेल, तर तो येणारच. हिशेब चुकलेला नाही, फक्त चुकीच्या क्षणी केला गेला आहे. ग्नोमच्या जुन्या पॉवर मॅनेजरमध्ये वेळेवर भिस्त होती आणि त्या काळी अशा अवेळी इशाऱ्यांनी लोकांना बराच मनस्ताप दिला. आज यूपॉवर मुळात टक्क्यांवर चालते. तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याचे कारणही लिहून ठेवले आहे. सदोष फर्मवेअरचा त्रास यामुळे टळतो, आणि घाबरून सगळ्या फाइली सेव्ह करत सुटलेला माणूस शांत बसलेल्यापेक्षा जास्त वीज खातो, म्हणून वेळेचा अंदाज भरवशाचा नाही. संगणकाच्या सेटिंगमध्ये मनुष्यस्वभावाची इतकी जाण क्वचित दिसते.

ही फाइल 'ईटीसी' या फोल्डरातल्या 'यूपॉवर' या उपफोल्डरात असते. सध्याच्या आवृत्त्यांत सर्वसाधारणपणे २० टक्क्यांना पहिला इशारा, पाचला गंभीर इशारा आणि दोनला कृती, म्हणजे काम जतन करून लॅपटॉप झोपवणे किंवा बंद करणे, अशी रचना असते. वेळेचा निकष कुणी चालू केला असेल तर तो इथेच बंद करता येतो.

एवढे पाहूनही इशारे येत राहिले, तर मात्र बॅटरीचीच तपासणी. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. ग्नोममध्ये 'पॉवर स्टॅटिस्टिक्स' नावाचा छोटा कार्यक्रम मिळतो, केडीईच्या 'इन्फो सेंटर'मध्ये ऊर्जेचे पान असते. तिथे दोन आकडे शोधायचे: बॅटरीची मूळ, कारखान्यातली क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावर मावणारी क्षमता. समजा, मूळ ४८ वॉट-तास आहे आणि आजची ३१. म्हणजे बॅटरी ६५ टक्क्यांवर आली. पडद्यावर मात्र ती भरली की १०० टक्केच दिसणार, कारण ते शंभर या ३१ चे आहेत. ही गोष्ट लक्षात आली की एक गैरसमज दूर होतो. दहा वॉट खाणाऱ्या लॅपटॉपला नव्या बॅटरीत वीस टक्क्यांच्या इशाऱ्यानंतर जवळजवळ ५८ मिनिटे मिळत. आता ३७ मिळतात. पाच टक्क्यांनंतर नऊ मिनिटे, दोननंतर चारही नाहीत. आपण इशारा फार लवकर येतो म्हणून चिडतो. झिजलेल्या बॅटरीत तो खरे तर उशिरा येत असतो.

त्यापेक्षा बोलका पुरावा म्हणजे बॅटरी उतरतानाचा आलेख. पॉवर स्टॅटिस्टिक्स तो काढून देते, पण मला कागद-पेन्सिल अधिक आवडते. बॅटरी पूर्ण भरा, चार्जर काढा, नेहमीचे हलके काम करत राहा आणि दर दहा मिनिटांनी टक्का लिहा. निरोगी बॅटरीचे आकडे घाटातल्या रस्त्यासारखे सावकाश उतरतात. रस्ता मध्येच संपून कडा लागला, म्हणजे ४२ नंतर एकदम ९, तर एक तर चिपचा हिशेब चुकला आहे किंवा तीन सेलांपैकी एक थकला आहे. आकडा खाली जाऊन पुन्हा वर आला, तर अंतर्गत रोध वाढल्याचा संशय घ्यावा. दुसऱ्या प्रकारात इशारा तांत्रिकदृष्ट्या खोटा असतो, पण दुखणे खरे असते.

दोष लिनक्सचा की त्याखालच्या थरांचा, हे ठरवायलाही एक सोपी युक्ती आहे. त्याच यंत्रावर विंडोज असेल तर तिथे हाच प्रयोग करावा. दोन्ही प्रणाली त्याच फर्मवेअरला विचारतात. दोन्हीकडे आकडा त्याच ठिकाणी कोसळत असेल तर लिनक्स निर्दोष. विंडोज नसेल तर लॅपटॉप सुरू करताना बायोसच्या सेटिंगच्या पडद्यावर थांबावे आणि चार्जर काढून यंत्र आपोआप बंद होईपर्यंत घड्याळ लावावे. तिथे लिनक्स सुरूच झालेले नसते, त्यामुळे इशाराही नाही आणि फाइल बिघडण्याची भीतीही नाही. वीज वाचवण्याच्या युक्त्याही तिथे पूर्ण चालू नसतात, म्हणून नेहमीपेक्षा थोडा कमी वेळ गृहीत धरावा. लिनक्सवर चाळीस मिनिटांत शून्य होणारी बॅटरी इथे दोन तास टिकली, तर वीज होती, हिशेब चुकत होता. इथेही चाळीसच मिनिटे टिकली, तर इशारा देणाऱ्याचे आभार मानायला हवेत.

हिशेब चुकला असेल तर वही जुळवून द्यायची. चार्जिंगची मर्यादा घातली असेल तर ती तात्पुरती काढावी, बॅटरी पूर्ण भरावी, तासभर तशीच राहू द्यावी. मग ती उतरवून लॅपटॉप स्वतःहून बंद होऊ द्यावा, काही तास विश्रांती द्यावी आणि न थांबता पुन्हा पूर्ण भरावी. थिंकपॅडसाठी 'टीएलपी' या साधनात ही कसरत करवून घेणारी आज्ञाच आहे. एका फेरीने काम भागले नाही तर दुसरी करावी, पण हे व्रत म्हणून दर आठवड्याला करू नये. बॅटरी तळापर्यंत उतरवणे तिला मानवत नाही, आणि आकडा सुंदर दिसावा म्हणून बॅटरी झिजवण्यात काही हशील नाही. सोबत बायोसची नवी आवृत्ती आली आहे का ते निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणी पाहावे आणि कर्नलही ताजे ठेवावे. वर सांगितलेल्या खोडींसारख्या दुरुस्त्या याच दोन वाटांनी येतात.

यातले काहीच न करता बरेच जण एकच गोष्ट करतात: इशारा बंद. चिडलेल्या माणसाला ते साहजिक वाटते. रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात हा प्रश्न फार गंभीर मानला जातो. यंत्रे सतत पिकपिकत राहिली की परिचारिकांचे कान त्या आवाजाला सरावतात आणि खरा इशाराही निसटतो. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या मानांकन संस्थेने २०१३मध्ये याबद्दल रुग्णालयांसाठी खास सूचना काढली होती. तिथे उपाय म्हणून सगळे भोंगे बंद करत नाहीत. प्रत्येक रुग्णासाठी मर्यादा पुन्हा ठरवतात, सैल झालेली पट्टी नीट लावतात. लॅपटॉपलाही तेच लागू आहे. बॅटरी २८ टक्क्यांवर मान टाकत असेल, तर इशारा वीसवरून ३५वर आणि शेवटची कृती दोनवरून तीसवर न्यावी. यूपॉवरच्या निर्मात्यांनाही हा मोह ठाऊक असावा. नव्या आवृत्त्यांत शेवटची कृती पूर्ण बंद करायची असेल तर 'जोखमीची कृती चालेल' अशा अर्थाचे एक वेगळे सेटिंग आधी मुद्दाम चालू करावे लागते. ज्या गावात दुपारचे भारनियमन ठरलेले आहे, तिथल्या विद्यार्थ्याने तर त्या सेटिंगच्या वाटेला जाऊ नये.

बॅटरी बदलायची ठरली तर एक सावधगिरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला काय किंवा कुठल्याही शहरातल्या संगणक बाजारात काय, मूळ कंपनीची नसलेली 'कम्पॅटिबल' बॅटरी स्वस्तात मिळते. सगळ्याच वाईट नसतात. पण स्वस्तातल्या बॅटरीत सेल बरे असले तरी आतल्या चिपमध्ये सेलांशी मेळ खाणारी माहिती भरलेली असेलच असे नाही, आणि मग नव्या बॅटरीबरोबर जुनाच इशारा परत येतो. नवी बसवल्यावर त्याच दिवशी मूळ आणि पूर्ण क्षमतेचे आकडे टिपून ठेवावेत, पावतीला टाचून. सहा महिने वापरूनही दोन्ही आकडे तंतोतंत सारखेच राहिले, तर ती चिप काही शिकत नाही असे समजावे.

आणि एका परिस्थितीत वरचे सारे प्रयोग रद्द. लॅपटॉपचा टचपॅड वर उचललेला दिसतो आहे, झाकण नीट बसत नाही, खालचा भाग टेबलावर डुगडुगतो आहे, म्हणजे बॅटरी फुगली आहे. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू तर मुळीच नये. यंत्र बंद करून जाणकाराकडून ती काढून घ्यावी. ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अधिकृत सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात ती द्यावी.

बॅटरी ठणठणीत आहे, वही जुळलेली आहे, बायोस ताजे आहे आणि तरीही फक्त लिनक्सवर इशारा येतो, असे शेवटी निघाले, तर तक्रार जरूर नोंदवावी. आपल्या लिनक्स आवृत्तीच्या दोषनोंदणीत लॅपटॉपच्या मॉडेलचे पूर्ण नाव, बायोसची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती आणि विंडोज किंवा बायोसवर किती मिनिटे मिळाली हे लिहावे. दर दहा मिनिटांनी टक्के लिहिलेला तो कागदही फोटो काढून जोडावा.